अण्णा, जयसिंहा आणि हॉलमधला टीव्ही

मंडळी, इथे कुणी वाड्याच्या आठवणी लिहितं, कुणी विवेकवर्धिनीतल्या बाईंच्या, कुणी बडीचौडीतल्या गणपतीच्या. माझी आठवण तशी ताजीच आहे, दोन-तीन वर्षांतली, आणि ती आहे आमच्या बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमधल्या हॉलची. पण तिचं मूळ जुनं आहे, म्हणून थोडं मागे जाते.

माझे वडील, अण्णा, मूळचे नांदेडकडचे. शिकायला काकांकडे काचीगुड्याला आले. तेव्हाची मनमाड-काचीगुडा मीटर गेज गाडी, ट्रंक, वळकटी, सगळं तसंच, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हीच गोष्ट असेल. डिप्लोमा झाला आणि ईसीआयएलमध्ये लागले. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन १९६७ साली अणुऊर्जा खात्याखाली निघाली, डॉ. ए. एस. राव तिचे प्रमुख. आज ज्यांच्या नावाचं ए. एस. राव नगर आहे, तेच. तिथे कॉम्प्युटरही बनत, पुढे मतदान यंत्रंही बनली, पण घराघरात नाव पोचलं ते ईसी टीव्हीमुळे. अण्णा त्या टीव्हीच्या टेस्टिंगला होते.

त्यांचं काम सांगायचं तर, टीव्हीच्या मागच्या बाजूला उभं राहायचं, हातात प्लास्टिकचा स्क्रू ड्रायव्हर, आणि टीव्हीच्या पुढे एक आरसा. मागून स्क्रू फिरवायचा आणि आरशात चित्र बघायचं. आयुष्याची कितीतरी वर्षं या माणसाने टीव्ही उलटा बघितला. आई म्हणायची, "घरी आल्यावर तरी पुढून बघा."

कुशाईगुड्याच्या आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट ईसी टीव्ही होता. शुक्रवारी चित्रलहरीला अख्खी लाइन आमच्या घरात. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या फायनलला तर खिडकीच्या गजांवरही पोट्टे लटकलेले. पुढे रंगीत आला. १९९१ च्या सुमारास माझ्या भावाने कॅसेटवाला व्हिडिओ गेम मिळवला, मारिओ आणि कॉन्ट्रावाला. तो अँटेनाच्या जागी जोडायचा, चॅनल फिरवत बसायचं आणि मुंग्यांतून हळूहळू मारिओ उगवायचा. अण्णांचा नियम होता, एक तास, त्याच्या वर नाही. "एकच चित्र जास्त वेळ राहिलं की पिक्चर ट्यूबला डाग पडतो," हे कारण. त्या काळी प्रत्येक बाप हे सांगत असे, पण आमच्या बापाला खरंच माहीत होतं. फॉस्फर जळतो. भाऊ आता न्यू जर्सीत आहे, अजून फोनवर त्या एका तासाचं रडगाणं गातो.

एवढं मागचं पुरे.

२०२१ मध्ये आई गेली. अण्णा कुशाईगुड्याला एकटे. भाऊ तिकडे. मग मी आणि आमच्या ह्यांनी ठरवून त्यांना आमच्याकडे आणलं. लेकीच्या घरी बापाने राहणं, आणि तेही घरात विहीणबाई असताना! आमच्या सासूबाई तेव्हा शहात्तरच्या. त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, हे मी आधी सांगते. पण हॉल एकच. सासूबाईंच्या मराठी मालिका सात ते साडेनऊ. अण्णा संकोचाने त्या वेळेत बाल्कनीत खुर्ची टाकून बसत, डासांत. दोघं एकमेकांशी बोलत ते "चहा झाला का अण्णासाहेब" आणि "हो हो, झाला विहीणबाई" इतकंच. दिवसात दोनदा. आईनंतर अण्णांचं बोलणं असंही आटलं होतं. रेडिओ दुरुस्त करायचा डबा होता, तो त्यांनी कुशाईगुड्यालाच एका पोराला देऊन टाकला होता. तेव्हा मला जरा धस्स झालं होतं.

आणि २०२२ ला आमचा मुलगा दहावी झाला. हैदराबादेत दहावीनंतर काय होतं ते बाहेरच्यांना समजावणं कठीण आहे. इंटर, एमपीसी, आयआयटीची बॅच, होस्टेल. पुण्याच्या माझ्या नणंदेला वाटतं इंटर म्हणजे अकरावी-बारावी. हौ, पण ते तसं नाही. शहराच्या बाहेरच्या एका निवासी कॉलेजात त्याला घातला. पहाटे पाचला उठवणं, रात्री दहापर्यंत अभ्यास, महिन्यातून एकदा आईबापांना भेटायची मुभा. फी एकरकमी. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण नावाने काही फरक पडत नाही.

ऑक्टोबरात दिवाळीला तो घरी आला. भाऊबीज झाली. परत जायच्या दिवशी सकाळी बॅग भरलेली, बूट घातलेले, आणि हा पलंगावर बसून राहिला. रडला नाही, भांडला नाही. बस बसून राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. ह्यांनी ऑटो दोनदा परत पाठवला. शेवटी बूट काढ म्हणून मीच खाली वाकले.

तो परत गेला नाही. फी गेली. ह्यांनी आठ-दहा दिवस माझ्याशीही धड बोलणं केलं नाही, त्यांच्या जागी मीही तशीच वागले असते. पैशाचं सोडा, पण पोरगा खोलीत दार लावून बसायचा. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर होता, ऑनलाइन शाळेच्या काळात सीटीसीतून जोडून घेतलेला. त्याने साठवलेल्या पैशांतून त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घातलं होतं. दाराखालच्या फटीतून रात्री दोन वाजता निळा उजेड दिसायचा. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची आणि त्या दाराशी उभी राहून कीबोर्डचा आवाज येतोय ना ते ऐकायची. इथल्या आईबापांना जास्त सांगायला नको. इंटरच्या निकालाच्या दिवसांत आपण पेपर कसा उघडतो ते आपल्याला माहीत आहे.

एका रात्री मी त्याला म्हटलं, "तू गेम खेळ. मी बंद कर म्हणत नाही. पण इथे नको. हॉलमध्ये खेळ, मोठ्या टीव्हीवर. दार नसलेल्या जागी." एवढी एकच अट.

तो माझ्याकडे बघतच राहिला. हे म्हणाले, "कॉलेज सोडल्याचं बक्षीस का हे?" मी म्हटलं, बक्षीस म्हणा, काहीही म्हणा.

आता पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडणं म्हणजे एक वायर खोचली की झालं, असं मला वाटलं होतं. त्याने आधी प्रयत्न असा केला की सीपीयू खोलीतच ठेवायचा आणि दहा मीटरची एचडीएमआय केबल दारावरून, केबल टीव्हीवाल्याने पाडलेल्या भोकातून हॉलमध्ये आणायची. चित्र आलं. पण कंट्रोलरचा ब्लूटूथ भिंतीपलीकडे अडखळायचा. बटण दाबलं की कधी हलायचं, कधी नाही. शेवटी सीपीयूच उचलून हॉलमध्ये आणला, शोकेसच्या बाजूला, सासूबाईंच्या तुळशीमाळेच्या डब्याखाली. पंख्याची घरघर ऐकून त्या म्हणाल्या, "याला सर्दी झालीय का?"

मग टीव्हीवर चित्र आलं ते चारही बाजूंनी कापलेलं. खालची पट्टी अर्धी गायब. पोरगा सेटिंग शोधायला लागला, आणि बाल्कनीतून आवाज आला, "ओव्हरस्कॅन."

अण्णा. बहुतेक पंधरा दिवसांत ते पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले असतील.

"जुन्या ट्यूबच्या कडा सारख्या नसायच्या," ते आत येत म्हणाले. "कडेचं वाकडं दिसू नये म्हणून आम्ही चित्र थोडं मोठंच लावायचो, काठ पडद्याबाहेर जायचा. पण हा चपटा आहे, याला कशाला लागतं?"

पोराने टीव्हीच्या मेनूत 'स्क्रीन फिट' शोधून काढलं. चित्र बसलं. गरज कधीच संपली होती, पण सवय नव्या टीव्हीतही राहिलेली. अण्णांना याची फार गंमत वाटली, दोन दिवस तेच सांगत होते.

पण खरी भानगड पुढे होती. त्याने क्रिकेटचा गेम लावला, क्रिकेट २२. खोलीतल्या छोट्या मॉनिटरवर हा चांगला खेळायचा. टीव्हीवर मात्र प्रत्येक चेंडूला बॅट उशिरा. बोल्ड, बोल्ड, बोल्ड. चिडून त्याने कंट्रोलर सोफ्यावर टाकला. "टीव्ही स्लो आहे," म्हणाला.

अण्णा म्हणाले, "टीव्ही स्लो कसा असेल? सिग्नल आला की चित्र. सहाशे पंचवीस रेघा, सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस. इलेक्ट्रॉन गन काही थांबून विचार करत नाही."

"आजोबा, यात गन नाही."

"मग आत काय करतो हा?"

आणि इथून जे सुरू झालं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, हातात मेथीची जुडी. अण्णा म्हणाले, आधी मोजा. उगाच स्लो आहे म्हणू नका, किती स्लो ते सांगा. मॉनिटर आणून टीव्हीच्या शेजारी ठेवला. दोन्हीवर एकच चित्र, स्टॉपवॉच. अण्णांच्या डोळ्यांना फरक दिसेना. पोरगा म्हणाला फोटो काढू. मोबाइलने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढला, आणि त्यात मॉनिटरवर १४.३२ सेकंद, टीव्हीवर १४.२१. पाच-सहा फोटो काढले, फरक साधारण तेवढाच. एक दशांश सेकंदाहून थोडा जास्त.

"एवढ्याने काय होतं?" मी विचारलं.

अण्णांनी पेन्सिल मागितली. सकाळच्या पेपरच्या कडेला हिशेब. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू म्हणजे सेकंदाला जवळजवळ एकोणचाळीस मीटर. खेळपट्टी बावीस यार्ड, वीस मीटर. म्हणजे बॅट्समनला मिळतो साधारण अर्धा सेकंद. त्यातला एक पंचमांश टीव्हीच खातोय. पडद्यावर चेंडू जिथे दिसतो त्याच्या चार मीटर पुढे तो खरा पोचलेला असतो. "चार मीटर!" अण्णा म्हणाले, "ब्रॅडमनही आउट होईल."

कारण पोराने शोधलं. आजचा टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. ते धरून ठेवतो, त्यातले ठिपके साफ करतो, रंग चढवतो, आणि दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतःच्या मनाने बनवतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. मधलं बनवायचं तर पुढचं येईपर्यंत थांबायलाच हवं. मालिका बघताना सगळंच सारखं उशिरा येतं, म्हणून कळत नाही. पण ज्याने बटण दाबलं त्याला कळतं. या सगळ्या सजावटीला सुट्टी देणारा 'गेम मोड' टीव्हीत असतो, तीन मेनू आत दडवलेला. तो चालू केला. परत फोटो. फरक एक दशांशावरून जेमतेम तीन शतांशावर आला.

सासूबाईंनी लगेच विचारलं, "माझ्या मालिकेचा रंग उतरेल का?" त्यांचा सेट-टॉप बॉक्स पहिल्या एचडीएमआयला, पीसी दुसऱ्याला, आणि आमच्या टीव्हीत दोघांची सेटिंग वेगळी राहते. हे त्यांना समजावलं तेव्हा "म्हणजे चूल वेगळी," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. वेळही ठरली. साडेनऊनंतर आणि दुपारी.

जानेवारीत दुसरा कंट्रोलर घ्यायचा ठरला. पोरगा दिवाळीपासून घराबाहेर पडला नव्हता. कोपऱ्यावर दूध आणायलाही नाही, कुणी विचारेल म्हणून. अण्णा म्हणाले, मी एकटा सीटीसीला जातो. ऐंशी वर्षांचा माणूस एकटा पार्कलेनला जाणार म्हटल्यावर नातवाला उठावंच लागलं. ते त्यांनी मुद्दाम केलं की सहज, मी विचारलं नाही. तिघं गेलो. नारायणगुड्याहून मेट्रो, परेड ग्राउंडला उतरून ऑटो. चेनॉय ट्रेड सेंटर तुम्ही पाहिलंच असेल, मजल्यांवर मजले, सगळीकडे मदरबोर्ड, वायरी आणि चहाचे ग्लास. अण्णा प्रत्येक दुकानासमोर थांबत होते, जसं कुणी देवळांच्या रांगेत थांबावं.

दुकानातल्या पोराने विचारलं, "चच्चा, किसके वास्ते होना?"

अण्णा म्हणाले, "मेरेच वास्ते."

"आपके वास्ते?"

"हौ. वायरवाला नक्को, बगैर वायर का दिखाव."

माझा मुलगा हसला. मंडळी, तीन महिन्यांनी हसला. मी तोंड फिरवून एका माउसची किंमत विचारत बसले.

अण्णांचा अंगठा काही चपळ नाही. पडद्यावर फिरणं आणि बघणं या दोन दांड्या दोन अंगठ्यांनी एकाच वेळी हलवायच्या, ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणून पळापळीचे, मारामारीचे गेम बाद. क्रिकेट मात्र जमलं, कारण त्यात कॅमेरा आपोआप टीव्हीवरच्या मॅचसारखा असतो आणि बटण वेळेवर दाबणं एवढंच मुख्य काम. ते काम त्यांनी तीस वर्षं केलेलं. शिवाय स्टीममध्ये 'बिग पिक्चर' नावाची सोय आहे, २०१२ पासूनची. सोफ्यावरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, आणि सगळं कंट्रोलरने. विंडोजची स्वतःची अक्षरं मात्र आठ फुटांवरून मुंगीएवढी, ती दीडशे टक्के करून घ्यावी लागली. आणि ऐन ओव्हरमध्ये अपडेटची खिडकी उघडायची, ती मिटायला कुणीतरी उठून माउस धरावा लागायचा. "कारखान्यात असं झालं असतं तर सुपरवायझरने सेट परत पाठवला असता," अण्णा म्हणायचे.

त्या गेममध्ये स्वतःचा खेळाडू बनवता येतो. पोराने विचारलं, काय नाव देऊ? अण्णा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, जयसिंहा.

आता आपल्या पिढीलाही एम. एल. जयसिंहा हे नाव ऐकूनच माहीत. अझर, लक्ष्मण आपण पाहिले. अण्णांनी जयसिंहाला फतेह मैदानावर पाहिलेलं. ते सांगतात, खेळण्याआधी तो नुसता चालत यायचा तेव्हाच पैसे वसूल व्हायचे. सिल्कचा शर्ट, वर केलेली कॉलर, गळ्याला रुमाल. १९६० साली कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्टमध्ये तो पाचही दिवस बॅटिंगला होता, असं करणारा जगातला पहिला. हे पोराने तपासून पाहिलं आणि खरं निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आजोबांविषयी जरा वेगळाच भाव आला. कॉलर वर करायची सोय मात्र आम्हाला त्या गेममध्ये सापडली नाही. अण्णांनी ते अजून माफ केलेलं नाही.

रोज रात्री साडेनऊला एक मॅच, पाच ओव्हरची. दोघं सोफ्यावर शेजारी, तोंड टीव्हीकडे. आणि एका रात्री, फेब्रुवारी असेल, मी ओटा पुसत होते. पोरगा बोलिंग करत होता. पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "आजोबा, तिथे माझा नंबर तीनशे बारा होता."

"कुठे?"

"होस्टेलला. दर आठवड्याला टेस्ट. मग नंबराप्रमाणे वर्ग बदलायचे. मित्र पण बदलायचे."

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतके महिने मी, ह्यांनी, त्याच्या मावशीने, समुपदेशक बाईंनी, सगळ्यांनी समोर बसवून विचारलं होतं. एक शब्द नाही. मला वाटलं अण्णा आता काहीतरी मोठं सांगतील, धीर देतील.

अण्णा म्हणाले, "आणि जेवायला काय द्यायचे?"

पोरगा अर्धा तास बोलत होता. सांबाराचं पाणी, रविवारचं चिकन कुणाला किती मिळायचं, मेसच्या रांगेत पुस्तक उघडं ठेवायची सक्ती, शेजारच्या पलंगावरचा वरंगळचा मुलगा झोपेत फॉर्म्युले म्हणायचा ते. त्या मुलाचं पुढे काय झालं हे माहीत नाही म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. अण्णाही नाही. मॅच चालू होती. अण्णांच्या जयसिंहाने त्या रात्री चोवीस केले, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे.

हे सगळं मी ह्यांना रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला हे बेडरूममध्ये न जाता हॉलमध्ये येऊन बसले. पेपर घेऊन. पेपर उलटा नव्हता एवढंच. चार दिवसांनी म्हणाले, "तो स्लिप का काढला तू? राहू दे ना." फीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मार्चमध्ये त्याने फर्स्ट इयरची परीक्षा दिली, जशी दिली तशी, आणि जूनपासून जवळच्याच एका साध्या डे कॉलेजात गेला. सकाळी जायचं, दुपारी परत.

सासूबाईंचं सांगायचं राहिलंच. क्रिकेट त्यांना नको. पण त्या सुट्टीत पोराने एक दुसरा गेम लावला, राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या कंपनीचा, २०२० मधला. राजी नावाची एक डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधत राजवाड्यांतून, गडांवरून फिरते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिची गोष्ट सांगतात. राजस्थानी छटांचे महाल, कमळांचे कुंड, भिंतींवर पुराणातली चित्रं. ते मोठ्या टीव्हीवर इतकं सुंदर दिसायचं की मी पोळ्या टाकता टाकता बाहेर यायची. सासूबाईंनी विचारलं, "ही देवी काय म्हणतेय?" ते इंग्रजीत. मग पोरगा थांबवून थांबवून मराठीत सांगायला लागला. आमच्याकडची मुलं कशी मराठी बोलतात ते तुम्हाला माहीत आहे, अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, क्रियापद मराठी. पण आजीला असुराची गोष्ट सांगायची तर "मग तो डेमन अटॅक मारतो" चालत नाही. आजी अडवायची, "डेमन काय? राक्षस म्हण. अटॅक काय मारतो? चाल करून येतो." पंधरा दिवसांत पोरगा "चाल करून येतो" सहज म्हणायला लागला. मराठीच्या वर्गाला त्याला दोन वर्षं पाठवलं होतं, तिथे जे झालं नाही ते.

रोज दुपारी तीन वाजता सासूबाईंचा प्रश्न, "सापडला का गं तिचा भाऊ?" आणि अण्णाही, बाल्कनीतली खुर्ची आत घेऊन. विहीणबाई आणि अण्णासाहेब एकाच हॉलमध्ये, एकच गोष्ट बघत, मधे शेंगदाण्यांची वाटी. शेवटी गोष्ट अर्धवटच तुटते, पुढच्या भागाची वाट बघा म्हणावं तशी. सासूबाई जाम चिडल्या. "मालिकावाले तरी दुसऱ्या दिवशी दाखवतात."

शेवटी नावांची यादी आली, तेव्हा अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. "ही आपल्याकडची नावं आहेत सगळी. पुण्यात बसून केलं?" पोराने सांगितलं, हैदराबादेतही करतात. ओगर हेड नावाच्या इथल्या छोट्या स्टुडिओने २०१७ ला 'असुरा' नावाचा गेम काढला होता, तो त्याच्याकडे होता. गेम बनवणाऱ्यांचं मोठं संमेलनही तेव्हा हैदराबादला भरायचं, तेही त्याने सांगितलं. अण्णा विचारत गेले, कोण काय करतं, चित्रं कोण काढतं, हालचाल कशी देतात, चुका कोण शोधतं. शेवटचं ऐकून खूश. "टेस्टिंगला माणसं लागतात म्हणजे."

त्यानंतर पोरगा वहीत काढायला लागला. आधी राजी, मग गोलू, मग अण्णांचा हात, कंट्रोलर धरलेला, शिरा वर आलेल्या. ते चित्र माझ्या कपाटात आहे, फोटो टाकत नाही, त्याला आवडत नाही.

२०२४ ला इंटर झाला, साध्या मार्कांनी. नातेवाइकांत कुणी पेढे मागितले नाहीत, आम्ही तरीही वाटले. मासाब टँकच्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स युनिव्हर्सिटीत ॲनिमेशनचा बीएफए आहे, त्याची प्रवेश परीक्षा देऊन तो तिथे लागला. पुढे नोकरीचं काय, हा प्रश्न हे अजूनही महिन्यातून एकदा विचारतात, मला विचारतात, त्याला नाही. माझ्याकडे उत्तर नाही. गेमच्या धंद्यात माणसं घेतात तशीच काढतातही, एवढं मी वाचलं आहे. पण तो सकाळी स्वतः उठतो, आठची बस पकडतो. त्याच्या खोलीचं दार उघडं असतं, आणि मी रात्री सरळ झोपते.

अण्णा आता त्र्याऐंशीचे. पोरगा कॉलेजात असताना दुपारी एकटेच पीसी लावतात, बटणांचा क्रम एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून टीव्हीखाली ठेवलाय. संध्याकाळी नातू आला की जयसिंहाचा स्कोअर सांगतात. परवा एक्याऐंशी झाले, त्यात दोन कॅच सुटले होते हे प्रामाणिकपणे सांगितलं. कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, ते संपले की ते हळूच भिंतीवरच्या घड्याळातले काढतात. त्यामुळे हॉलमधलं घड्याळ बहुतेक वेळा बंद, आणि सासूबाईंची मालिका परवा पंधरा मिनिटं चुकली. त्यावरून सध्या व्याही-विहिणीत बोलणं बंद आहे. चहा झाला का, एवढं सोडून.